बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा

गाय व्याली म्हणजे तिच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर, दाट दुधाची, ज्याला आपण चीक म्हणतो त्याची, महाराष्ट्रातील घराघरांत केवढी अपूर्वाई! गवळ्याला आधी सांगून ठेवायचे, आलेल्या चिकात गूळ घालून वर वेलदोडा-जायफळ भुरभुरायचे, तो उकडून त्याच्या वड्या पाडायच्या आणि आळीत खरवसाच्या वाट्या फिरवायच्या, हा रिवाज ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळला, त्याच घरांत, माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडलेल्या बाळंतिणीचा चीक मात्र जड, बाधक, निकामी म्हणून पिळून टाकला जात होता, आणि जिच्या पोटचे पोर भुकेने टाहो फोडीत होते तिला तीन दिवस ते अंगावर घ्यायची मनाई होती. वासराचे अन्न आपण मिटक्या मारीत खाल्ले आणि लेकराचे मोरीत ओतले.

हा नुसता अडाणीपणा होता असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, न्यायाचे नाही. प्रसूतीनंतर तीन-चार रात्री उलटल्यावर स्त्रीला दूध उतरते, ही गोष्ट सुश्रुताने शारीरस्थानात नमूद करून ठेवली आहे, आणि भरपूर दूध उतरण्याची साधारण हीच वेळ आजचे शरीरशास्त्रही सांगते. म्हणजे निरीक्षण बिनचूक होते. चुकले ते अनुमान. दूध उतरलेले नाही, सबब तोवर बाळाला मध-तूप चाटवावे, या युक्तिवादात मधल्या दिवसांत चमचा-दोन चमचे म्हणून जो चीक स्रवतो त्याला जागाच उरली नाही. आणि नवजात अर्भकाचे जठर इतके चिमुकले असते की पहिल्या दिवशी त्याला एका वेळी तेवढेच पुरते, शिवाय त्या थेंबांत रोगाशी झगडणाऱ्या द्रव्यांची दाटी इतकी असते की त्यांना बाळाची पहिली लस म्हणावे, हे ध्यानी येण्यास मध्ये कित्येक शतके जावी लागली. दरम्यान मधाचे बोट, साखरेचे पाणी, सहाणेवर उगाळलेली गुटी, बोंडल्याने पाजलेले पातळ केलेले शेळीचे दूध, असा सारा सरंजाम बाळाच्या तोंडाशी दाखल झाला, आणि त्यातल्या प्रत्येक पदार्थाबरोबर बोटावरचे, सहाणेवरचे आणि पाण्यातले जंतूही बिनहरकत आत गेले.

बाळंतिणीच्या खोलीची रचनाच मोठी विचार करण्याजोगी आहे. दाराशी विस्तव, बाजेखाली शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपाची धुरी, दहा दिवसांचे सोयेर, आणि उंबरठ्याच्या आत सुईण किंवा घरातली एखादी जाणती म्हातारी यांच्याखेरीज कोणाला मज्जाव. यात शहाणपण नव्हते असे नाही. नुकत्या जन्मलेल्या जिवाला ऊब हवी, आईला विसावा हवा आणि दोघांना गर्दीपासून दूर ठेवायला हवे, हे आजचा बालरोगतज्ज्ञही सांगेल. परंतु जो उंबरठा गर्दी थोपवीत होता तोच औषधही थोपवीत होता. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पूजून, कोरा कागद आणि लेखणी मांडून, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय लिहिते याची धडधडत्या काळजाने वाट पाहण्याची जी चाल पडली तिच्यामागे एक कठोर हिशेब होता: नाळेवाटे शिरलेला धनुर्वात किंवा रक्तातला जंतुदोष बहुधा याच सुमारास उघड होतो, आणि जी मुले जायची ती या दिवसांत जात. लोकांनी रोगाला नाव दिले नव्हते. पण त्याची तारीख त्यांना पाठ होती.

सटवाईच्या त्या कोऱ्या कागदाची जागा एका छापील तक्त्याने कशी घेतली, ही हकिकत गडचिरोली जिल्ह्यातील आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था तेथे स्थापन केली. पुढे ‘शोधग्राम’ या नावाने वसलेल्या त्यांच्या ठाण्यावरून भोवतालच्या गावांतील जन्म-मृत्यूंची जी बारकाईने नोंद ठेवण्यात आली तिच्यातून १९९३ ते १९९५ या काळाचा असा दाखला मिळाला की जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६२ मुले पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. १९९५-९६ या एका वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात अर्भके घरोघरी जाऊन तपासण्यात आली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना जिवावर बेतू शकेल असा काही ना काही आजार होऊन गेल्याचे आढळले, आणि त्यांतील शेकडा तिघांनाही वैद्यकीय उपचार मिळालेला नव्हता. बहुतेक सारी बाळंतपणे घरीच होत. नदी-नाले, जंगल आणि पावसाळा ओलांडून एवढ्याशा जिवाला तालुक्याच्या इस्पितळात न्यायचे कोणी, आणि सोयेरातल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचे कसे? नवजात शिशूचे स्थान इस्पितळातल्या काचेच्या पेटीत, असे त्या काळच्या वैद्यकविद्येचे मत होते. आणि ज्या मुलखात ती पेटीच नाही तेथील शिशूंविषयी ती विद्या सोयीस्कर मौन पाळीत होती.

बंग दांपत्याने केले ते इतकेच, की बाळ पेटीपर्यंत जात नाही म्हणून पेटीतली विद्या बाळापर्यंत धाडली. गावातल्याच, पाच-दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना ‘आरोग्यदूत’ ही पदवी दिली, आणि बाळाला झोळीत तोलायचा काटा, तापमापक, श्वास मोजण्याचे घड्याळ, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचे साधन, ऊब राखणारी पिशवी आणि अखेरीस जंतुदोषावरचे इंजेक्शन इतका जामानिमा त्यांच्या खांद्यावरच्या थैलीत भरला. याच संस्थेने त्याआधी न्यूमोनियाच्या मोहिमेत, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याची पाटी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ अशी युक्ती काढली होती. तेव्हा अक्षरशत्रू म्हणून हिणवलेल्या हातांच्या बुद्धीवरचा त्यांचा विश्वास नवा नव्हता. गावच्या बाईने तान्ह्या मुलाला सुई टोचायची, ही कल्पनाच अनेक तज्ज्ञांना अब्रह्मण्य वाटली असल्यास नवल नाही. परंतु तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरले होते. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली भारत सरकारने नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गावपातळीवरील ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती देऊन देशभर अंमलात आणली. सरकारी थैलीत मात्र सुई आली नाही. तिच्याऐवजी धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला वेळीच इस्पितळात रवाना करण्यावर भर राहिला. रुग्णवाहिका जेथे तासाभरात पोहोचते तेथे हे ठीक. जेथे नाही तेथे काय, हा प्रश्न जंगलपट्टीत अजून उभा आहे.

आता या भेटींचा क्रम ठरलेला असतो. बाळंतपण घरी झाले तर पहिल्या दिवशीही, आणि सर्वांकडेच तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाने दारी जायचे. वजन, ताप, श्वास, नाळ, डोळे, त्वचा पाहायची, आईचा रक्तस्राव आणि ताप विचारायचा, बाळ अंगावर कसे पिते ते प्रत्यक्ष बघायचे, आणि सारे छापील तक्त्यात भरायचे. २०१८ पासून यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटींची भर पडली आहे. पहिल्या बेचाळीस दिवसांच्या साऱ्या फेऱ्यांचा मोबदला मिळून ठरला तो २५० रुपये, आणि नंतरच्या प्रत्येक फेरीचा ५०.

अशाच एका सातव्या दिवसाच्या भेटीला, त्या जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी, मी आशाताईंच्या मागोमाग गेलो होतो. वैशाखाची सकाळ होती. अंगणात मोहफुले वाळत घातली होती. पुरुषमाणूस म्हणून माझी रवानगी अर्थातच ओसरीवर झाली, आणि पुढील सारा प्रसंग मी अर्धवट उघड्या दारातून कानांनीच पाहिला म्हटले तरी चालेल. बाळ जन्मले ते दोन किलो शंभर ग्रॅमचे. अडीच किलोंच्या आतले, म्हणजे सरकारी भाषेत कमी वजनाचे. तिसऱ्या दिवशी ते थोडे उतरले होते. पहिल्या आठवड्यात कोणतेही बाळ थोडेफार उतरते आणि दहा-चौदा दिवसांत गेलेले वजन भरून काढते, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नव्हते. परंतु सातव्या दिवशीही काटा तिसऱ्या दिवसाच्याच रेघेवर थांबला, तेव्हा आशाताई काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत हे आजीबाईंनी ओळखले.

‘‘दूध पुरत नाही जी तिचं. रातभर रडते लेकरू. म्या म्हनलं, चमचाभर पानी द्या, उन्हाचे दिवस हायेत.’’

‘‘दिलं का, मावशी?’’

उत्तराला जो उशीर लागला तोच उत्तर होता.

आशाताईंनी रागावण्याचा मार्ग पत्करला नाही. ‘‘मावशी, लेकरू दिवसातून किती खेपा मुततं?’’ असा साधा प्रश्न त्यांनी टाकला, आणि ‘‘ते कोन मोजते?’’ यावर, ‘‘आजपासून तुम्ही मोजा, घरात तुमच्यावानी नजर कोनाची?’’ असे म्हणून, जी म्हातारी क्षणापूर्वी प्रतिवादी होती तिला एका वाक्यात कामगिरीवर तैनात केले. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट भिजत असेल तर दूध पोहोचते आहे. भिजत नसेल तर रडण्याची वाट न पाहता बोलवायचे. आईच्या दुधाच्या शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, तेव्हा भर उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वेगळ्या पाण्याची गरज नसते, हेही त्यांनी सांगितले. पण सांगितले ते आईला पाजायला बसवल्यानंतर, तिच्या शेजारी मांडी घालून.

खरी मेख तेथेच होती. सून नव्या आया बहुधा धरतात तशी, दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरून, बाळाचे तोंड वळवून केवळ अग्र त्याच्या ओठांत देत होती. बाळ चोखत होते, दमत होते, झोपत होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा रडत होते. दुखते म्हणून ती पाजणे टाळत होती, आणि टाळल्याने दूध आटत होते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले हवे, त्याची मान वळलेली नसावी, जबडा मोठा उघडेपर्यंत थांबून मग त्याला स्तनाकडे आणावे, हनुवटी स्तनाला टेकावी, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसावा आणि अग्राभोवतीचा काळसर भाग वरच्यापेक्षा खालच्या बाजूने अधिक आत जावा: सांगायला हे एका वाक्याचे काम आहे, आणि करायला त्या दिवशी पाऊण तास लागला. तीन वेळा जमले नाही. चौथ्या खेपेला आतून चोखण्याचा चुटचुट आवाज बंद होऊन गिळण्याचा संथ आवाज येऊ लागला, आणि सुनेच्या तोंडून निघालेले ‘‘आता नाही दुखत’’ हे शब्द ओसरीपर्यंत पोहोचले.

‘दूध पुरत नाही’ या तीन शब्दांइतके घातक वाक्य बालसंगोपनाच्या व्यवहारात दुसरे नसेल. ते बहुधा खोटे असते आणि उच्चारल्यावर खरे होते. दुधाची उत्पत्ती मागणीच्या हिशेबाने चालते. बाळ जितके ओढील तितके पुढच्या वेळी अधिक तयार होते, आणि रात्रीच्या पाजण्याने तर ती चालना विशेषच मिळते. एकदा वरचे दूध सुरू झाले की बाळ तेवढे कमी ओढते, ओढले नाही म्हणून तेवढे कमी बनते, आणि आठवड्याभरात घरातल्या सर्वांची खातरजमा होते की मुळात दूध नव्हतेच. आपल्या भाषेने या बाबतीत एक नकळत अन्याय केला आहे असे मला वाटते. पान्हा फुटतो तो मायेने, असे आपण इतक्या काव्यमय रीतीने म्हणत आलो की ज्या स्त्रीला पान्हा फुटेना तिच्या मायेविषयीच शंका घेण्याची वाट मोकळी झाली. पाजणे ही माया खरीच. पण ती आधी एक कसब आहे, आणि कसब शिकवावे लागते. पोळी लाटणे ज्या घरात धपाटे घालून शिकवले जाते त्या घरात हे कसब उपजत येते असे गृहीत धरले जाते, हे केवढे नवल!

या शंकेवरच एक मोठा व्यापार उभा राहिला. मागच्या शतकात डब्यातल्या दुधाच्या भुकटीने गरीब देशांत जो अनर्थ केला तो भुकटीतील विषामुळे नव्हे. डबा महाग म्हणून तो अर्ध्या मापाने कालवला गेला, पाणी गढूळ होते, आणि बाटली उकळायला सरपण नव्हते. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीला आळा घालणारी संहिता मंजूर केली; भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदा करून आणि २००३ साली तो अधिक कडक करून दोन वर्षांखालील मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टर-परिचारिकांना भेटी, इतकेच काय, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापणेदेखील बंद केले. कायदा उत्तम आहे. परंतु शहरातल्या सूतिकागृहात, शस्त्रक्रियेच्या गुंगीतून आई अजून पुरती जागी व्हायची असते तेव्हा, ‘तोवर हे द्या’ म्हणून जी चिठ्ठी बापाच्या हाती ठेवली जाते तिला जाहिरात म्हणत नाहीत. माझ्या घरी थोरल्या नातीच्या वेळी अशीच चिठ्ठी आली होती, आणि मी, दिवाळी अंकांतून लेख लिहिणारा सुशिक्षित गृहस्थ, धावत जाऊन तो डबा घेऊन आलो होतो. कोणी वाटेत अडवले नाही. अडवायला आमच्या सहाव्या मजल्यावर आशाताई येत नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील केवळ अंगावर पिणाऱ्या मुलांचे प्रमाण देशात शेकडा ६४ च्या घरात आले आहे, ही आधीच्या पाहणीहून नऊ टक्क्यांची वाढ. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण ४२ च्या आसपासच घुटमळते आहे, आणि हे बहुसंख्य बाळंतपणे इस्पितळात होत असताना. सोयेर गेले, पहिल्या तासाची ताटातूट इस्पितळात जाऊन नांदू लागली.

एस. टी. स्थानकांवर तान्ह्या मुलांच्या मातांसाठी जी खोली असते तिला ‘हिरकणी कक्ष’ असे नाव देण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. रायगडावर दूध घालायला आलेली हिरकणी गवळण, संध्याकाळी मिटलेले दरवाजे, खाली घरी एकटे तान्हे, आणि चांदण्यात उतरलेला तो कडा: ही आख्यायिका ऐकून कोणाचे अंतःकरण हलत नाही? गडाला दूध पुरवणारीचेच बाळ दुधावाचून रडत होते, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आपण तिच्या नावाने बुरूज बांधला, तिची धन्यता गायिली, आणि दरवाजा उघडण्याची तजवीज करण्याचे राहून गेले. मुंबई इलाख्यात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. गिरणीत जाताना पोर निजून राहावे म्हणून अफूची बाळगोळी देणाऱ्या मातांचा तो काळ होता. आज पगारी नोकरीतल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. धानाच्या रोवणीला वाकणाऱ्या आणि तेंदूपानांची पुडकी बांधणाऱ्या स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये आहेत, तेही हप्त्यांनी. सहा महिने केवळ अंगावर पाजा, हा उपदेश दोघींना एकच.

ज्या बाळांची आई आजारी आहे किंवा राहिलीच नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली दुग्धपेढी उघडली. इतर मातांनी दिलेले दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, निववून, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना पुरवायचे, अशी तिची रीत. दूधआईची आपली जुनी कल्पना येथे बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीच्या रूपाने परतली आहे, आणि तिच्यावर जात लिहिलेली नसते.

चौदाव्या दिवशी मी पुन्हा त्या ओसरीवर होतो. काटा या खेपेला दोन किलो दोनशे चाळीसवर थांबला. आजीबाईंनी भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा आशाताईंना दाखवल्या, प्रत्येक ओल्या लंगोटाची एक. मधल्या एका दिवशी त्या चारच होत्या, त्याची हकिकत त्यांनी सविस्तर सांगितली, आणि आशाताईंनी ती तितक्याच सविस्तर ऐकून घेतली. नंतर फणसाखालच्या बाजेवर बसून त्यांनी तक्ता भरला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाख आशांचा गौरव केला, हे त्यांना ठाऊक होते. त्याच्या आदल्या वर्षी आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला, त्यातही त्या होत्या. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या.

त्यांच्या यादीतले पुढचे घर गल्लीच्या टोकाला होते. तेथे बाराव्या दिवसाचे बाळ असायला हवे होते. दाराला कडी होती. शेजारणीने सांगितले की पोर थोडे पिवळे दिसत होते म्हणून सुनेला आणि बाळाला कालच तिच्या माहेरी, पलीकडच्या तालुक्यात, नेले. आता भेटी तिकडच्या आशाने करायच्या, आणि तक्ता तर इकडचा. मोबदला कोणाच्या नावे पडेल ते साहेबांना विचारावे लागणार होते. आशाताईंनी ओंजळीएवढ्या सावलीत उभे राहून थैलीतून मोबाइल काढला. ‘‘पिवळं कुठवर दिसत होतं? तळहात-तळपाय पाहिले का कोनी?’’ असे शेजारणीला विचारता विचारता त्या पलीकडच्या गावच्या आशाचा नंबर लावीत होत्या, आणि डोंगराआड रेंज मिळावी म्हणून एकेक पाऊल रस्त्याच्या चढाकडे सरकत होत्या.